स्तंभांची नावं बदलली, हिशेब नाही बदलला

आता थोडं पाट्यांविषयी बोलू. एक्सेलची फाइल उघडली आणि वर ए, बी, सी ऐवजी १, २, ३ दिसलं, की आपण घाबरतो. फाइल बिघडली असं वाटतं. पण तसं काही नसतं.

आपल्याकडचंच बघा. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि विलीन झालेली संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. नाव बदललं म्हणून वाळव्याची, तासगावची शेतं काही जागची हलली नाहीत. इथंही तसंच आहे. पाटी बदलते, खण तिथंच राहतो.

पत्ता सांगायच्या पद्धती दोन. १९७९ च्या व्हिसिकॅल्कमध्ये स्तंभाला अक्षर आणि ओळीला आकडा होता: डी५. १९८२ च्या मल्टिप्लॅनमध्ये दोन्हींना आकडे, आणि ओळ आधी: आर५सी४. खण तोच. एक्सेलनं दोन्ही पद्धती ठेवल्या. फाइल, ऑप्शन्स, फॉर्म्युलाज इथं जा आणि 'आर१सी१ रेफरन्स स्टाइल'ची खूण करा किंवा काढा. झालं!

मग ही दुसरी पद्धत हवी कशाला? समजा, सांगलीच्या हळदीच्या सौद्याचा तक्ता आहे. बी मध्ये वजन, सी मध्ये दर, डी मध्ये रक्कम. पाचव्या ओळीत सूत्र बी५ गुणिले सी५, सहाव्या ओळीत बी६ गुणिले सी६. प्रत्येक ओळीत सूत्र वेगळं दिसतं. सत्तेचाळिसाव्या ओळीत चुकून सी४६ पडलं, तर ते डोळ्यांना कळत नाही. त्या शेतकऱ्याची हळद सहा क्विंटल, दर पंधरा हजार. वरच्या ओळीतला दर मात्र चौदा हजार दोनशे. म्हणजे त्याच्या हातात ४,८०० रुपये कमी पडले.

आकड्यांच्या पद्धतीत सूत्र म्हणतं: याच ओळीतला डावीकडचा दुसरा खण गुणिले डावीकडचा पहिला. प्रत्येक ओळीत अगदी हेच शब्द. आता कंट्रोल धरून १ च्या डावीकडची कळ दाबा, म्हणजे रकमांच्या जागी सूत्रं दिसतील. सगळ्या सारख्या ओळींत चुकलेली एक लगेच उठून दिसते.

तेव्हा पैसे वाटण्याआधी पाटी बदलून एकदा तक्ता बघा. चूक दुरुस्त करा आणि हवं तर परत ए, बी, सी वर या.