बारा तासांची हजेरी

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा सुमारे 60 किलोमीटरचा भाग वर्धा जिल्ह्यातल्या सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो. 701 किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी. आता त्यावरून धावणाऱ्याला रस्ता दिसतो, रस्त्याचे काम दिसत नाही. काँक्रीटचा रस्ता यंत्राने होतो असे आपण म्हणतो, आणि ते निम्मे खरे आहे. मुरुमाचा भराव, खडीचा थर, त्यावर कमी सिमेंटचे कोरडे काँक्रीट आणि मग मुख्य थर, अशी ही चढण असते. बॅचिंग प्लांटवरून टिपर माल आणतात, पेव्हर तो दाबून सरळ पट्ट्यात पुढे सोडतो. पण पेव्हरच्या पुढे माल ओढणारा फावडेवाला लागतो, मागे कडा सावरणारा गवंडी लागतो, ओल्या पृष्ठभागावर ब्रशने चरे ओढणारा लागतो. गोणपाट अंथरून ते दिवसरात्र भिजत ठेवणारा लागतो, आणि काँक्रीट तडकायच्या आत, बहुतेकदा रात्री, कटरने सांधे कापणाराही लागतो. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अंथरताना काँक्रीटचे तापमान 30 अंशांच्या वर जाऊ नये असा नियम असल्याने मालात गार पाणी किंवा बर्फ घालतात, काम पहाटे किंवा रात्री धरतात. काँक्रीटला किती ताप सोसवेल, हे आपण निविदेच्या तपशिलात लिहून ठेवले आहे. ते अंथरणाऱ्याला दिवसाचे काय मिळावे, हे मात्र त्या तपशिलात शोधावे लागते, आणि सापडले तरी ‘कामगार कायद्यांचे पालन करावे’ एवढ्या एका ओळीत सापडते. मजुरी हीही रस्त्याच्या तपशिलातली बाब आहे. सिमेंटच्या दर्जासारखी ती आधी ठरली पाहिजे आणि मोजली गेली पाहिजे. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

मजुरीचा हिशेब कळायला आधी हजेरी म्हणजे काय ते समजून घ्यावे लागते. यंत्र चालवणाऱ्याला महिन्याचा पगार असतो, बिगाऱ्याला हजेरी असते. मुकादम वहीत हजेरी मांडतो, खाडा झाला की ती कापतो, आठवड्याला पोटापुरती ‘खर्ची’ देतो, आणि पुरा हिशेब माणूस गावी निघाला की करतो. त्यातून घरून निघताना घेतलेली उचल वळती होते. या पद्धतीत ‘रोज किती?’ या प्रश्नाला उत्तर मिळते, पण ‘किती तासांचे?’ हा प्रश्न विचारलाच जात नाही. महामार्गाच्या कामावर बारा तासांची पाळी सर्रास चालते. कायद्याने आठवड्याचे 48 तास धरले तर सहा दिवसांत रोजचे आठ होतात, आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर द्यावा लागतो. म्हणजे बारा तास राबलेल्या माणसाच्या नावावर सोळा तासांची मजुरी चढली पाहिजे. समजा एका बिगाऱ्याला बारा तासांचे 800 रुपये मिळतात. ऐकायला रक्कम बरी वाटते. पण 800 ला 16 ने भागले की तास 50 रुपयांचा होतो, आणि आठ तासांचा दिवस 400 रुपयांचा. ‘आमच्याकडे किमान वेतनापेक्षा जास्तच देतो’ हे वाक्य अशा वेळी खोटे नसते. फक्त त्यात घड्याळ नसते.

आता कायद्याचा दर पाहू. रस्ते बांधणी आणि दुरुस्ती हे काम 1948 च्या किमान वेतन अधिनियमाच्या अनुसूचीत पहिल्यापासून होते. तो कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत सामावला आहे आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. पण दर एक नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण केंद्रीय कायद्याने स्थापन झालेले असल्यामुळे त्याच्या कामावर केंद्राचे दर लागतात. समृद्धी बांधणारे रस्ते विकास महामंडळ राज्याचे, म्हणून तिथे राज्याचे. केंद्राने 1 ऑक्टोबर 2024 पासून बांधकामातल्या अकुशल कामगाराला ‘अ’ क्षेत्रात, म्हणजे मोठ्या शहरांत, दिवसाला 783 रुपये आणि अतिकुशल कामगाराला 1,035 रुपये ठरवले. लहान ठिकाणी हे दर उतरतात. राज्याचे दर परिमंडळानुसार बदलतात आणि त्यावर दर सहा महिन्यांनी महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जाहीर होतो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर 2025-26 साठी 312 रुपये होता. देशासाठी सुचवलेली किमान पातळी 2017 पासून 176 रुपयांवर थांबली होती. म्हणजे वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट–जामच्या बाजूच्या राष्ट्रीय महामार्गावर फावडे मारणारा आणि सेलूजवळ समृद्धीवर फावडे मारणारा, ऊन तेच, माल तोच असूनही, दोन वेगळ्या सरकारांच्या तक्त्यांत मोडतो. आपण कोणत्या तक्त्यात आहोत हे त्या दोघांपैकी एकालाही कोणी सांगितलेले नसते. आधी सांगितलेला 400 रुपयांचा खरा दिवस या सगळ्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिला, तर तो महामार्गाच्या दरापेक्षा रोजगार हमीच्या दराला जवळ असतो.

इथे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. किमान मजुरी म्हणजे ज्याखाली जाणे गुन्हा, अशी रेषा. चालू मजुरी म्हणजे त्या भागात त्या कामाला खरोखर दिला जाणारा दर. आपल्या व्यवस्थेत पहिलीलाच दुसरी समजण्याची चूक रुजली आहे. अमेरिकेत 1931 च्या डेव्हिस–बेकन कायद्याने हा फरक पक्का केला. 2,000 डॉलरपेक्षा मोठ्या संघराज्यीय बांधकामावर, आपल्या जिल्ह्याशी तुलना व्हावी अशा काउंटीनिहाय, सुतार, लोखंड बांधणारा, रोलरचालक, साधा मजूर अशा प्रत्येक कामाचा चालू दर आधी जाहीर होतो. तो कामाच्या जागी लावावा लागतो आणि ठेकेदाराला दर आठवड्याला पगारपत्रक सहीनिशी द्यावे लागते. त्या कायद्यावर तिथेही वाद आहे, खर्च वाढतो असे म्हणणारे अर्थतज्ज्ञ आहेत. पण त्यामागचे तत्त्व साधे आहे. सरकार हा बाजारातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक असतो, आणि एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने सर्वांत कमी बोलीला काम दिले तर तो बाजारभाव नुसता देत नाही, पाडतो. आपल्याकडे हे तत्त्व अगदीच परके नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत मजुरीचे दर, कामाचे तास आणि वाटपाची तारीख स्थानिक भाषेत फलकावर लावण्याची अट होती, आणि मूळ मालकाच्या प्रतिनिधीसमोर वाटप होऊन त्याने तसे लिहून द्यावे अशीही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, ही तरतूद नव्या कामगार संहितांतही टिकली आहे. नियम होते आणि आहेत. ते निविदेच्या आकड्यात उतरत नाहीत, एवढेच.

निविदेचा आकडा कसा बनतो ते पाहिले की ही गळती कुठे आहे ते दिसते. खात्याच्या दरसूचीत प्रत्येक बाबीचा दर साहित्य, यंत्र, मजुरी, वरखर्च आणि ठेकेदाराचा नफा मिळून बनतो. म्हणजे मजुरी सरकारने आधीच हिशेबात धरलेली असते. मग बोली लागते आणि अंदाजित रकमेपेक्षा वीस-पंचवीस टक्के ‘बिलो’ जाणाऱ्याला काम मिळते. सिमेंट, पोलाद, डिझेल यांचे भाव ठेकेदाराच्या हातात नसतात. काँक्रीटचा ठोकळा 28 दिवसांनी प्रयोगशाळेत फुटतो, म्हणून सिमेंट कमी घालणे जोखमीचे. मजूर प्रयोगशाळेत जात नाही. तेव्हा कात्री लागते ती ठेकेदाराकडून पोटठेकेदाराकडे, पोटठेकेदाराकडून मुकादमाकडे, आणि शेवटी हजेरीला. याहून बोलका पुरावा भाववाढीच्या कलमात आहे. मोठ्या निविदांत डांबर-सिमेंटबरोबर मजुरीच्या घटकालाही वाढ मिळते आणि ती औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढतात. मजुराचा महागाई भत्ताही अशाच निर्देशांकावर चढतो. पण निर्देशांक चढला की ठेकेदाराचे बिल सूत्राने आपोआप फुगते, मजुराची हजेरी फुगली का हे मात्र बिल मंजूर करताना कोणी पाहत नाही. मजुराच्या नावाने वाढ मागायची आणि ती मजुरापर्यंत पोचल्याचा कागद मागायचा नाही, ही सरकारी खर्चातली साधी लेखातपासणीची चूक आहे. ती दाखवायला कामगार चळवळीच्या घोषणांचीही गरज नाही.

यावर पहिला आक्षेप येतो खर्चाचा. मजुरी वाढवली तर रस्ते महागतील, आणि पैसा शेवटी जनतेचाच. हा आक्षेप टाळण्याजोगा नाही, पण तो मोजून पाहावा. यांत्रिक काँक्रीट रस्त्यात मजुरीचा वाटा समजा दहा टक्के धरला आणि मजुरी चौथाईने वाढवली, तर एकूण खर्च अडीच टक्क्यांनी वाढतो. जमीन, सिमेंट आणि मुदतवाढ यांनी प्रकल्पाची किंमत याहून कितीतरी जास्त हलते, आणि समृद्धीचा खर्च सुमारे 55,000 कोटींपर्यंत पोचला तो बिगाऱ्याच्या हजेरीमुळे नव्हे. हजेरीवर बचत करणे म्हणजे दात कोरून पोट भरणे. शिवाय हा वाद वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वी एकदा होऊन गेला आहे. 1935 साली गांधीजी वर्ध्यात मगनवाडीत राहत होते. खादी स्वस्त पडते ती कातणाऱ्या बाईला अपुरी मजुरी मिळते म्हणून, हे त्यांना बोचत होते. आठ तासांच्या कताईला आठ आणे असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. खादी महाग होईल, विकली जाणार नाही, हे आक्षेप तेव्हा विरोधकांनी नव्हे, खादीच्या कार्यकर्त्यांनीच घेतले. चरखा संघाने एकदम आठ आणे दिले नाहीत, पण निर्वाहाला पुरेल अशा मजुरीचे धोरण त्याच वर्षी स्वीकारले आणि वाढलेली किंमत गिऱ्हाइकाने सोसावी असे ठरवले. खादीच्या गिऱ्हाइकाला निदान दुसरे स्वस्त कापड घेण्याची मोकळीक होती. महामार्गाचा गिऱ्हाईक तर सरकार आहे. किंमत न परवडण्याची सबब त्याला खादीच्या गिऱ्हाइकापेक्षा कमी शोभते.

दुसरा आक्षेप असा, की कामगार राजीखुशीने येतो. त्याच्या गावी याहून कमी मिळते, मग तक्रार कुणाची? यातला पहिला भाग खरा आहे. काम नको असते तर कुणी झारखंडातून, मध्य प्रदेशातून किंवा बिहारमधून वर्ध्याच्या उन्हात आला नसता. पण राजीखुशी आणि रास्त मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांच्या प्रकरणात सांगितले. भुकेपोटी किमान मजुरीपेक्षा कमी दरात राबणे हीसुद्धा संविधानाच्या अनुच्छेद 23 ने मना केलेली सक्तीची मजुरी ठरते. पुढच्या वर्षी संजित रॉय प्रकरणात प्रश्न थेट रस्त्याचाच होता. राजस्थानात दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्यांना किमान दरापेक्षा कमी मजुरी मिळत होती, आणि हे मदतकार्य आहे, सरकारने काम दिले हेच खूप, असा राज्याचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. जो रस्ता समाज वापरणार आहे तो उपकाराच्या दराने बांधून घेता येत नाही. परराज्यातल्या कामगाराबाबत आणखी एक पाऊल मागे पडले आहे. 1979 च्या कायद्यात त्याला मिळणारा विस्थापन भत्ता नव्या कामगार संहितांत राहिलेला नाही. तेव्हा त्याच्या बाजूने उरतो तो फक्त दर, आणि दर फलकावर नसेल तर काहीच उरत नाही.

तिसरा आक्षेप विदर्भाचा स्वतःचा आहे, आणि तो सर्वांत गंभीर आहे. रस्त्यावर मजुरी वाढली की शेतात माणूस मिळणार नाही. सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे येते, रस्त्याची कामेही पाऊस सरला की जोर धरतात. वेचणीचा किलोचा भाव आधीच शेतकऱ्याच्या हिशेबाबाहेर चालला आहे. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 चा तिचा कायदा 1979 मध्ये लागू झाला, तेव्हाही ही तक्रार होती. पण वेचणी मुख्यतः गावातल्या बाया करतात. महामार्गावरची टोळी बहुतेक बाहेरून आणलेली, छावणीत राहणारी पुरुषांची असते. दोन्ही बाजारांचा एकमेकांना धक्का लागतो, पण ते एक नव्हेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वेचणी परवडत नाही याचे कारण हिंगणघाटच्या बाजारात कापसाला मिळणारा भाव आहे. तो भाव पडला म्हणून सरकारने स्वतःच्या रस्त्यावरची मजुरी दाबून ठेवावी, म्हणजे एका गरिबाची तूट दुसऱ्या गरिबाकडून वसूल करणे झाले. शेतकऱ्याच्या अडचणीचे उत्तर शेतमालाच्या भावात शोधायचे, मजुराच्या हजेरीत नाही.

अंमलबजावणी कशी करणार, हा उरलेला प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. प्रत्येक कामावर आज एक फलक असतोच. त्यावर कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार आणि दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्याखाली आणखी चार ओळी मराठीत आणि हिंदीत लिहिता येतात. अकुशल, अर्धकुशल आणि कुशल कामगाराचा आठ तासांचा दर या तीन, आणि चौथी दुप्पट दराची. जिल्ह्यातला चालू दर कामगार आयुक्तालयाने दरवर्षी पाहणी करून काढावा आणि तो कायदेशीर किमान दरापेक्षा कमी आला तर किमानच धरावा. बोली लावताना मजुरीचा घटक स्पर्धेबाहेर ठेवावा, म्हणजे ‘बिलो’ जायचे ते नफ्यातून किंवा कार्यक्षमतेतून, हजेरीतून नव्हे. आणि भाववाढीचे बिल मंजूर करण्याआधी मजुरांच्या बँक खात्यांत जमा झालेल्या रकमेची यादी मागावी. ठोकळ्याचा अहवाल जोडल्याशिवाय काँक्रीटचे बिल निघत नाही, तसेच हे. यासाठी संधीही लांब नाही. नियोजित शक्तिपीठ महामार्ग वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीपर्यंत जायचा आहे. त्याच्या आखणीवर आणि भूसंपादनावर जोरात वाद सुरू आहेत, आणि ते व्हायलाही हवेत. पण तो रस्ता झालाच, तर धाम नदीकाठी पहिला टिपर रिकामा होण्याआधी कुणीतरी निविदेचा मसुदा लिहिणार आहे. त्यात काँक्रीटच्या तापमानाची ओळ असेल. त्याच पानावर, त्याच अक्षरात, बिगाऱ्याच्या आठ तासांची ओळ असावी.