हाडाने पत्करलेला दात

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' अशी आपल्याकडे म्हण आहे. गेलेला दात परत येत नाही, हे त्या म्हणीने गृहीतच धरले आहे. आता दात रोवून घेण्याची, म्हणजे इम्प्लांटची, सोय झाल्यावर त्या गृहीताचे काय उरले, हे पाहण्यासारखे आहे.

माझी खालची दाढ काढावी लागली तेव्हा घरच्यांचे मत पडले, 'हसताना दिसत तर नाही, राहू दे की!' परंतु प्रश्न दिसण्याचा नसतोच. एक दाढ गेली की शेजारची त्या पोकळीकडे कलू लागते. वरची दाढ, खाली टेकायला काही न उरल्याने, उतरू लागते. चावण्याचा ताण मिळेनासा झाला की जबड्याचे हाडही झिजते. कवळी हिरडीवर बसते. तिने ही झीज थांबत नाही. ब्रिज पक्का खरा, पण त्यासाठी दोन्हीकडचे धडधाकट दात घासून बारीक करावे लागतात. एकासाठी दोघांना शिक्षा!

यातून वाट निघाली ती स्वीडनमध्ये, आणि तीही दातांचा विचार मनात नसताना. १९५२ च्या सुमारास पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. सशाच्या पायाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण ते प्रयोगानंतर काढायला गेले, तर ते निघेना. हाडाने धातूला घट्ट धरले होते. पुढे १९६५ साली येस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे खुंट बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते टिकले. तरीही दंतवैद्यकाच्या जगाने हे तंत्र मनापासून मानले ते १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर.

शस्त्रक्रिया छोटी असते. जागा बधिर करून हाडात स्क्रू बसवतात. खरी परीक्षा पुढे, धीराची. हाडाने स्क्रू धरायला सहसा तीन ते सहा महिने लागतात. खालच्या जबड्याचे हाड टणक म्हणून लवकर, वरचे भुसभुशीत म्हणून उशिरा. मग त्यावर कॅप चढते. ताब्यात नसलेला मधुमेह आणि तंबाखू हे यातले मोठे वैरी. मिश्रीही त्यातच आली. रोवलेला दात किडत नाही, पण स्वच्छता नसेल तर भोवतीची हिरडी सुजते, हाड खंगते आणि स्क्रू हलू लागतो. माझ्या डॉक्टरांनी आधी रक्तातली साखर पाहिली, मग हाडाचा एक्स-रे. पैशांचे बोलणे शेवटी केले. मला ते आवडले.

आज ती दाढ भाकरी चावते, शेंगदाणेही चावते. एक गोष्ट मात्र तिला येत नाही. आपला मूळ दात हाडात सूक्ष्म तंतूंनी टांगलेला असतो. भातातला बारीक खडा त्या तंतूंना क्षणात कळतो आणि जबडा थांबतो. रोवलेल्या दाताला हे तंतू नसतात. म्हणून दुखरा दात रूट कॅनॉल करून वाचण्याजोगा असेल, तर तो आधी वाचवावा. कोणी काढायची घाई करू लागले, तर 'हा राहणारच नाही का?' एवढे जरूर विचारावे.