आबा कुठे गेले?

दहाव्याचा दिवस. नदीच्या घाटावर पिंड मांडलेले, मंडळी थोडी लांब सरकून उभी, आणि सगळ्यांचे डोळे पिंपळावरच्या कावळ्याकडे. कावळा काही खाली उतरेना. "नातवंडांना अंतर देणार नाही म्हणा," कुणीतरी सुचवतं. मोठा मुलगा हात जोडून तसं म्हणतो, वर "आबा, या आता" अशी विनवणीही करतो. तेवढ्यात पाच वर्षांचा नातू आईचा पदर ओढून खणखणीत आवाजात विचारतो, "आबा कावळा झाले का?"

आई डोळे वटारते. काका हसू दाबतो. एक मावशी पोराला उचलून गाडीपाशी घेऊन जाते.

अनेक मराठी घरांत थोड्याफार फरकाने घडणारा हा प्रसंग. त्या पोराला आधी 'आबा दवाखान्यात आहेत' असं सांगितलेलं असतं, मग 'देवाघरी गेले', रात्री गच्चीवर 'तो बघ, आबा तारा झाले'. आता कावळ्याला आबा म्हणून हाक मारलेली त्याने स्वतःच्या कानांनी ऐकली. प्रश्न वात्रट नाही. मिळालेल्या माहितीवरून त्याने सरळ हिशेब मांडला आहे.

मृत्यूसाठी मराठीत मऊ शब्दांची कमी नाही: गेले, वारले, निवर्तले, देवाघरी गेले. मोठ्यांना ते पुरतात, कारण त्यांच्यामागचा अर्थ मोठ्यांना ठाऊक असतो. लहान मूल शब्द जसाच्या तसा घेतं. 'गावाला गेले' म्हटलं की ते परतीची गाडी कधी ते विचारणार. 'झोपले, उठलेच नाहीत' म्हटलं की रात्री अंथरुणावर पडायला घाबरणार. 'देवाला आवडले म्हणून नेलं' हे तर फारच जोखमीचं. उद्या आपण किंवा आई देवाला आवडलो तर? म्हणून बालमानसतज्ज्ञ 'मेले' किंवा 'मृत्यू झाला' हा शब्द न टाळण्याचा सल्ला देतात. आपल्या कानाला तो कठोर लागतो, हे खरंच.

मुलांना यातलं कळतं तरी किती? मारिया नागी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्ट आणि आसपासच्या 3 ते 10 वर्षांच्या 378 मुलांशी बोलून, त्यांची चित्रं पाहून याचा माग काढला. 1948 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचाच्या आतली मुलं मरण म्हणजे प्रवास किंवा झोप समजत होती. पाच ते नऊच्या मुलांना मरण कायमचं असतं हे उमगलेलं, पण अनेकांच्या मनात तो कुणीतरी येऊन नेणारा माणूस होता. (यमाच्या रेड्याची गोष्ट ऐकलेल्यांना याचं नवल वाटू नये.) पुढच्या संशोधकांना हा माणूस फारसा भेटला नाही. मात्र मेलेलं परत येत नाही, त्याचं शरीर चालत नाही, आणि हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं, या गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान समजू लागतात, असं दिसून आलं.

मुलांना मरण कसं सांगायचं, हाच पेच 1982 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमापुढे आला. दुकानदार मिस्टर हूपरची भूमिका करणारे विल ली वारले. हूपर निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेले, असं दाखवून विषय मिटवता आला असता. निर्मात्यांनी तज्ज्ञांना विचारलं आणि खरं सांगायचं ठरवलं. 24 नोव्हेंबर 1983 रोजी तो भाग दाखवला गेला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे मूल प्रश्न विचारेल तेव्हा मोठी माणसं घरात असतील. त्या भागात बिग बर्ड हा भलामोठा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रं काढून आणतो आणि हूपर परत आले की त्यांचं त्यांना देईन म्हणतो. ते परत येणार नाहीत, हे मोठी माणसं त्याला सांगतात. सांगताना त्यांचे डोळे भरून येतात आणि ते लपवलेही जात नाहीत.

न सांगितल्याने मूल अजाण राहतं, हा आपला गोड गैरसमज. मायरा ब्लूबाँड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ल्युकेमियाने आजारी असलेल्या लहान मुलांसोबत अमेरिकेतल्या रुग्णालयात दीर्घकाळ काढला. 1978 च्या त्यांच्या पुस्तकातलं निरीक्षण चटका लावणारं आहे. कुणीही सांगितलेलं नसताना आपण मरणार हे त्या मुलांना कळलेलं होतं. आईबाप कोसळतील म्हणून तीच काही माहीत नसल्याचं सोंग करत होती.

2004 साली आलेल्या 'श्वास' या मराठी चित्रपटाचा सगळा ताण याच जागी आहे. लहानग्या परशाच्या डोळ्यांत कर्करोग. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. शस्त्रक्रियेआधी मुलाला हे सांगायलाच हवं, असा डॉक्टरांचा आग्रह, आणि आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा 'श्यामची आई' या जुन्या मराठी चित्रपटाला मिळालेल्या अशाच सन्मानाची आठवण निघाली होती. श्यामची ती गोष्टही जाऊन थांबते आईच्या मरणापाशी, आणि मराठी घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती कौतुकाने दिली आहे. पुस्तकातल्या आईचं मरण चालतं. घरातल्या आबांचं मात्र दाराआड.

सांगायचं म्हणजे भाषण द्यायचं नाही. "आबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते मेले. आता ते परत येणार नाहीत. त्यांना आता दुखत नाही." एवढ्याने सुरुवात होते. मूल ऐकून खेळायला पळेल आणि संध्याकाळी तोच प्रश्न पुन्हा आणेल. पुन्हा तेच उत्तर द्यायचं. 'मी दंगा केला म्हणून आबा गेले का?' हा प्रश्न पुष्कळ मुलं तोंडाने विचारत नाहीत, त्याचं 'नाही' आपणहून सांगावं लागतं. माहीत नसेल ते 'मला माहीत नाही' म्हणून मोकळं व्हावं. अंत्यदर्शनाला न्यायचं का? तिथे काय दिसेल, लोक रडतील, हे आधी सांगून त्यालाच विचारावं. नको म्हणालं तर आग्रह नको.

आणि त्या घाटावरच्या पोराला गाडीपाशी नेणाऱ्या मावशीला तिथेच सांगता आलं असतं: "नाही रे, आबा कावळा झाले नाहीत. आबा मेले. आपण त्यांच्या आठवणीने कावळ्याला भात ठेवतो, ही आपली रीत आहे." त्यावर पोराने बहुधा कावळ्याला भात आवडतो का, एवढंच विचारलं असतं.