खुर्चीतून उठायला किती सेकंद?

ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत घर बघायला येणारी मंडळी आधी बाग बघतात, मग देऊळ, मग जेवणघरातली आमटी चाखतात. तिथल्या सिस्टर मात्र माणसाची चाल बघतात. पुण्याबाहेरच्या अशा एका वसाहतीत त्यांच्या टेबलाशेजारी बसून मी हे काम पाहिलं.

हात असलेली एक साधी खुर्ची आणि तिच्यापासून ३ मीटरवर फरशीला लावलेली चिकटपट्टी. उठायचं, पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. त्या दिवशीचे आजोबा तरातरा निघाले. ‘आजोबा, शर्यत नाहीये. घरात चालता तसं चाला,’ सिस्टर म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला वळताना त्यांचा हात नकळत भिंतीला टेकला. सिस्टरनी सेकंद लिहिण्याआधी ते लिहून घेतलं.

मग सहा गोष्टी विचारल्या: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि आपल्या हाताने जेवणं. अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी आजही जगभर वापरतात. साधारणपणे अंघोळ सगळ्यात आधी सुटते, जेवणं सगळ्यात शेवटी. ‘अंघोळ? माझी मीच करतो,’ आजोबा म्हणाले. सूनबाई गप्प. सिस्टरनी प्रश्न फिरवला, ‘बादली कोण भरतं? पाठ कोण चोळतं?’ तेव्हा कुठे खरं उत्तर आलं. तपासणीतलं अर्धं कौशल्य या दुसऱ्या प्रश्नात असतं. मुलं परदेशातून व्हिडिओ कॉलवर देतात त्या उत्तरांवर सिस्टर फारसा भरवसा ठेवत नाहीत, आणि मला ते पटतं.

या तपासणीवरून ठरतं की माणूस आपल्या फ्लॅटमध्ये स्वतंत्र राहील, मदतनीस असलेल्या मजल्यावर, की अंथरुणाला खिळलेल्यांच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या विभागात.

खरं काम बघायचं तर या शेवटच्या विभागात सकाळी सहाला जावं. मावशी आजींना हाताला धरून ओढत नाहीत. आधी कुशीवर वळवायचं, पाय पलंगावरून खाली सोडायचे, खांद्यामागे हात घालून बसवायचं आणि थांबायचं. आडव्या माणसाला एकदम उभं केलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तिथेच खुब्याचं हाड मोडतं. चक्कर नाही याची खात्री झाली की कमरेचा पट्टा धरून उभं करायचं. ज्यांना उठताच येत नाही त्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडाशी, टाचांना जखमा होतात. कूस बदलली की भिंतीवरच्या कागदावर वेळ टाकून सही. कागदावर रात्री दोनची आणि चारची सही आहे का, हे मी मुद्दाम पाहिलं. होती.

स्मृतिभ्रंशाच्या खोल्यांत संध्याकाळ अवघड. दिवे लागायच्या सुमाराला एक आजी पिशवी भरून दाराशी आल्या. घरी मुलं शाळेतून येतील म्हणाल्या. मुलं साठीला आलेली. मावशींनी वाद घातला नाही. ‘चला, चहा घेऊ आणि निघू,’ म्हणत त्यांना बाकावर बसवलं. चहा होईपर्यंत पिशवीचा विसर पडला होता. हे फसवणं आहे का? मला नाही वाटत. रोज संध्याकाळी खरं सांगून रोज नव्याने रडवण्यात कसला प्रामाणिकपणा?

पैशांचं गणित कडू आहे. डिपॉझिट आणि महिन्याचा खर्च माहितीपत्रकात ठळक असतो; डायपर, फिजिओथेरपी, स्वतंत्र आया यांचं बिल बहुतेक ठिकाणी वेगळं येतं.

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या, न घसरणाऱ्या फरशा. चांगलं झालं, पण त्यांचा सगळा भर इमारतीवर आहे. रात्री तीनला घंटा वाजवल्यावर कोण येणार, हे दाराच्या रुंदीवरून कळत नाही. माझ्या मते अशा वसाहतींचा कस तिथेच लागतो, आणि अनेक ठिकाणं चालत्याफिरत्या माणसांना घरं विकतात. माणूस खाटेला लागला की ‘आता तुम्ही दुसरी सोय बघा’ म्हणतात.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: अंथरुणाला खिळल्यावर इथेच राहता येईल का, त्याचे दर काय आणि रात्रपाळीला मजल्यावर किती माणसं असतात. आणि बाग बघायला रविवारी सकाळी जाल, तसे एकदा रात्री नऊनंतरही जाऊन या.