हॅलोवीन, मुले आणि एक भाजीखाऊ राक्षस



ऑक्टोबर महिना सरत आला की पालकांकडून आम्हांला हमखास एक प्रश्न विचारला जातो : हॅलोवीनच्या निमित्ताने मुलांना भुताखेतांचे चित्रपट पाहू द्यावेत काय? प्रश्न क्षुल्लक नाही. भीतीचा ठसा बालमनावर खोल उमटतो.

'हॅलोवीन' हा शब्द मुळात आपल्याच उपासना-पंचांगातून आला आहे. १ नोव्हेंबर हा सकल संतांचा सण. जुन्या इंग्रजीत संताला 'हॅलो' म्हणत. त्या सणाची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, आपण आपल्या मृतांचे स्मरण करतो. पुढे या पूर्वसंध्येवर मुखवट्यांचा आणि बाजारपेठेचा थर चढला. रक्तपाताने भरलेले चित्रपट त्या बाजाराचाच भाग असून ते मुलांपासून दूर ठेवणेच इष्ट. तथापि, भीतीची गंमत करून ती हलकी करणारे चित्रपटही आहेत. त्यांपैकी एकाची ओळख येथे करून देत आहोत.

कथा

'वॉलेस अँड ग्रोमिट : द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट' हा निक पार्क व स्टीव्ह बॉक्स यांनी दिग्दर्शित केलेला ब्रिटिश चित्रपट २००५च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. वॉलेस हा चीजवर जीव टाकणारा भाबडा संशोधक आणि ग्रोमिट हा त्याचा कुत्रा. ग्रोमिट एक शब्दही बोलत नाही. केवळ भुवयांच्या हालचालींनी तो सारे सांगतो.

गावात प्रचंड आकाराच्या भाज्यांची स्पर्धा जवळ आलेली असते आणि सशांनी मळ्यांत धुमाकूळ घातलेला असतो. सशांना न मारता पकडण्याचे काम या जोडीकडे असते. पकडलेल्या सशांच्या मनातून भाज्यांची आवडच काढून टाकावी, या सद्हेतूने वॉलेस एक यंत्र चालवतो. प्रयोग फसतो आणि चंद्रप्रकाशात एक महाकाय ससा गावातील मळे फस्त करू लागतो. तो खातो ते फक्त भाज्या, माणसांना नव्हे!

'वेअर' हा जुन्या इंग्रजीतील शब्द. त्याचा अर्थ पुरुष. लॅटिनमधील 'विर' आणि संस्कृतमधील 'वीर' हे त्याचेच सगोत्र. 'वेअर-वुल्फ' म्हणजे लांडगा होणारा माणूस. एवढ्यावरून चाणाक्ष वाचकांनी रहस्य ताडले असेल; आम्ही अधिक रसभंग करीत नाही.

हास्यामागील विचार

१९३३चा 'किंग काँग' आणि १९४१चा 'द वुल्फ मॅन' अशा जुन्या भयपटांची ही प्रेमळ थट्टा आहे. शेवटच्या थरारक प्रसंगात कुत्र्यांची हवाई लढाई होते, तीही जत्रेतील पाळण्याच्या विमानांतून! गावच्या अँग्लिकन धर्मगुरूचीही येथे भरपूर चेष्टा होते. त्याने आम्ही दुखावलो नाही, उलट मनमुराद हसलो. निसर्गाशी खेळ करून, भाज्या अवाढव्य फुगवून, हे संकट आपणच ओढवून घेतले, असे चर्चमध्ये जमलेल्या गावकऱ्यांना सुनावतो तोही हाच धर्मगुरू. विनोदी पात्राच्या तोंडी कधी कधी खरे बोल असतात.

आम्हांला मात्र सर्वांत मोलाचा वाटला तो ग्रोमिट. स्पर्धेसाठी त्याने एक मॅरो, म्हणजे आपल्या दुधीच्या कुळातील फळभाजी, लेकरासारखी जपलेली असते. मित्राचा जीव धोक्यात येतो तेव्हा तो ती हातची सोडतो. त्यागाचा पाठ मुलांना यापेक्षा सोप्या भाषेत देणे कठीण आहे.

कष्टाची कला

यातील पात्रे प्लॅस्टिसिनची, म्हणजे मऊ मातीसारख्या पदार्थाची आहेत. बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. पडद्यावरील एका सेकंदासाठी २४ चित्रे लागतात. निर्मितीला सुमारे पाच वर्षे लागली. नीट पाहिल्यास कारागिरांच्या बोटांचे ठसेही दिसतात. २००६ साली या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

त्याआधी एक आघात झाला होता. चित्रपट नुकताच अमेरिकेत झळकला असताना, १० ऑक्टोबर २००५ रोजी, ब्रिस्टल येथील आर्डमन कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या अनेक बाहुल्या व देखावे भस्मसात झाले. दोनच दिवसांपूर्वी काश्मीरच्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली होती. इतरांवर कोसळलेल्या आपत्तींपुढे आपले नुकसान फार मोठे नाही, अशा आशयाचे उद्गार निक पार्क यांनी काढले. आयुष्यभराचे काम जळताना हा विवेक राखणे सोपे नव्हे.

पालकांना सूचना

ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत हा चित्रपट सर्व वयोगटांसाठी प्रमाणित झाला आहे. लांबी सुमारे ८५ मिनिटे. अंधारातील पाठलाग आणि बंदुकीचे प्रसंग अगदी लहान मुलांना घाबरवू शकतात; काही विनोद मोठ्यांसाठीच आहेत. म्हणून मुलांना एकटे बसवू नये. सोबत बसावे आणि चित्रपट संपल्यावर त्यांना दोन प्रश्न जरूर विचारावेत : तो ससा खरोखर दुष्ट होता का? आणि गावकऱ्यांना त्याची एवढी भीती का वाटली?

उत्तरे ऐकताना घाई करू नये. आपल्या मुलाला नेमके कशाचे भय वाटते, हे कदाचित त्या गप्पांतच प्रथम कळेल. आणि दुसऱ्या दिवशी सकल संतांच्या सणाच्या मिस्साला त्याच मुलांना आवर्जून बरोबर न्यावे. पूर्वसंध्या ज्या सणाची, तो सण त्यांना ठाऊक असलाच पाहिजे.