अळंबी की कुत्र्याची छत्री?

पावसाळ्यात पेण-अलिबागकडे वारुळावरची अळंबी विकायला येते. वाळवी वारुळात जी बुरशी जोपासते, तिचीच ही छत्री. चवीला मी तिला कोलंबीच्याही वर ठेवतो!

परीकथांतली लाल, पांढऱ्या ठिपक्यांची छत्री पाइन-बर्चच्या मुळांशी वाढते. सायबेरियातले शमन तिची नशा करीत. आपल्या विषारी 'कुत्र्याच्या छत्र्या' मात्र बऱ्याचदा अळंबीसारख्याच पांढऱ्या. लसूण काळी पडली नाही, किड्याने खाल्ली, म्हणजे ती निर्धोक, हे साफ खोटं. गोगलगाय विषारी छत्रीही पचवते.

खाल्ल्यावर सहा तासांनी किंवा आणखी उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर यकृताला धोका असतो. मधे बरं वाटलं तरी घरी थांबू नका. उरलेली अळंबी, शिजवलेली का असेना, सोबत आणा.