रॉड टाकला, पण तो हलत तर नाही ना?

मुंबईत पश्चिम द्रुतगती मार्गावर दुचाकीला धडक बसली की जखमी बहुधा कूपर रुग्णालयात नेला जातो, पूर्वेकडचा राजावाडी रुग्णालयात. नडगी मोडली असेल, तर पुढे नातेवाइकांच्या तोंडी एकच वाक्य येते: पायात रॉड टाकला. घरच्यांना वाटते, सुटलो. शल्यचिकित्सकाची काळजी मात्र तो रॉड हाडात किती घट्ट बसला, ही असते.

नडगी पुढच्या बाजूने नुसत्या कातडीखाली असते. त्यामुळे ती चटकन उघडी पडते आणि तिथला रक्तपुरवठाही तोकडा. म्हणून मोडलेल्या जागी मोठा छेद न घेता गुडघ्याकडून हाडाच्या पोकळीत रॉड सरकवतात. पोकळीत रॉड घालण्याची वाट गेर्हार्ड क्युंचर यांनी 1939 मध्ये जर्मनीतल्या कील शहरात, मांडीच्या हाडावर दाखवली. पुढे रॉडच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू आले. हाडाचे फिरणे, आखडणे थांबले. मुंबईच्या डॉ. डी. डी. तन्ना यांनी तर या ‘इंटरलॉकिंग नेलिंग’वर पुस्तकच लिहिले.

अडचण येते ती गुडघ्याजवळच्या किंवा घोट्याजवळच्या फ्रॅक्चरला. पोकळी मध्यभागी अरुंद, टोकांना फनेलसारखी रुंद. मध्ये गच्च बसणारा रॉड तिथे सैल पडतो. त्यात रॉड घालायला गुडघा वाकवला की वाटीखालचा स्नायुबंध वरचा तुकडा पुढे ओढतो आणि हाड वाकडे जुळते.

जर्मनीतल्याच शल्यचिकित्सक क्रेटेक यांनी 1999 मध्ये यावरचा उपाय मांडला: पोलर स्क्रू. हा स्क्रू रॉडच्या भोकातून जात नाही. रॉड जिकडे कलतो, त्या बाजूला त्याच्या शेजारी हाडात बसतो आणि रुंद पोकळी अरुंद करतो. रॉडला मग सरळ वाटेनेच जावे लागते आणि नंतर डगमगायलाही जागा उरत नाही. काही जण पाय जवळजवळ सरळ ठेवून, वाटीच्या वरून रॉड घालतात. वाटीखालच्या स्नायुबंधाचा ताण त्याने कमी होतो.

अर्थात, हाड पूर्ण जखडायचेही नसते. रॉडच्या आधाराने होणारी किंचित हालचाल नवे हाड धरायला मदत करते. ती वाढली की हाड जुळतच नाही. म्हणूनच पायावर भार कधी, किती द्यायचा हे डॉक्टर एक्स-रे पाहून ठरवतात. आणि तंबाखू-विडी सोडा म्हणतात तेही हाडासाठीच.

मला या युक्तीचे मोल वाटते ते वेगळ्या कारणाने. पोलर स्क्रूला महागडे परदेशी उपकरण लागत नाही. रॉडच्या संचातला साधा स्क्रू चालतो. लागतो तो सी-आर्म या शस्त्रक्रियेतल्या एक्स-रे यंत्राखाली नेमकी जागा हेरणारा डोळा, आणि तो पालिकेच्या रुग्णालयातही तयार करता येतो.